चालू रीडिंग

माझं काम जिन्याखालचं.
टॉर्च तोंडात धरायची, मीटरची काच पुसायची,
मागचं रीडिंग, चालू रीडिंग,
वजाबाकी वहीत.
सव्वीस वर्षं. माझगाव, भायखळा, डॉकयार्ड.
युनिट किती जळले ते मला कळतं.
कशापायी जळले
ते कोणी विचारत नाही, मीही नाही.

शलाकाचा फोन मात्र
कुठल्याच वजाबाकीत बसेना.

नववी सुटली म्हणून घेऊन दिला,
क्लास संपला की मिस्ड कॉल दे, एवढ्याच अटीवर.
पन्नासचं कूपन. नाण्यानं खरवडायचं,
राखाडी भुकटी बोटाला.
जूनमध्ये एक. जुलैत एक.
सप्टेंबरात सात.

मग मी नियम काढला.
मेसेजचा पॅक, रोजचे शंभर,
शंभर झाले की फोन कपाटात.
बायको म्हणाली, शंभर?
शंभर वाक्यं तुम्ही माझ्याशी
वर्षात बोलत नाही.

सणाच्या दिवशी पॅक चालत नाही,
मेसेजला रोख रुपया पडतो,
हे पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं.
दिवाळी पाडव्याला सकाळी कूपन भरलं,
रात्री शिल्लक
एक रुपया अकरा पैसे.

मी ओरडलो.
ओरडताना माझाच आवाज ओळखीचा वाटला,
थकबाकीवाल्यांच्या दारात वापरतो तो.
तिनं फोन टेबलावर ठेवला, पालथा,
आणि फराळाला हात न लावता झोपली.

ती झोपल्यावर मी तो उलटा केला.
करू नये, ठाऊक होतं.
सगळे मेसेज एकाच नंबरला.
मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत,
आणि तांदळातले खडे निवडावेत
तसे स्वर निवडून फेकलेले,
एकात दोन मेसेज मावावेत म्हणून.
म्हणजे काटकसर तिलाही येत होती.

पाणी आलं का तुमच्याकडे.
इतिहासाच्या बाई अजून तुझं नाव घेतात हजेरीत.
अम्मी जेवली का आज.
नव्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे.
झोपलीस का.
झोपलीस का.
झोपलीस का.

वर नाव, निलोफर प.

परकार. दुसरा मजला, खोली एकवीस.
तो मीटर नंबर मला अजून पाठ आहे.
बिल्डिंग पाडायला काढली तेव्हा
शेवटचं रीडिंग घ्यायला मीच गेलो होतो,
विसर्जनानंतरच्या सोमवारी.
वायर सोडवली, सील लावलं.
तिच्या अम्मीनं त्या गडबडीतही सरबत दिलं,
ग्लास बांधून झाले होते म्हणून
डब्याच्या झाकणात.
मी प्यायलो, सही घेतली.
मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पात चाललेत, कोणीसं म्हणालं.
मी ‘वापर बंद’ लिहिलं आणि पुढच्या मीटरकडे वळलो.
दारात मुलगी उभी होती का?
असेल.
मी काच बघत होतो.

सकाळी नाक्यावरून कूपन आणलं.
रोजचे शंभर तसेच. सणाला वीस.
तिनं घासाघीस करून तीस केले.
आणि मी, शहाणा, विचारून बसलो,
मग खिडकी कुठल्या बाजूला निघाली?

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझलं.
दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
कपाटाची किल्लीही तिनं मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी
भायखळ्यात, एका जिन्याखाली,
खिशात फोन थरथरला.
सगळे स्वर जागच्या जागी:
खिडकी नाहीये बाबा.
भिंतीला भिंत लागलीय.
त्यांना दिवसापण लाइट लावावा लागतो.

उत्तर कसं लिहितात ते मला येत नाही.
मिस्ड कॉल दिला.

टॉर्च तोंडातून काढली.
समोर मीटरची चकती फिरत होती,
कुणाच्या तरी घरची,
भर दुपारी.