पाच पिनांचा प्लग

राग्नहिल माझ्याकडे राहायला आली त्या नोव्हेंबरात
दोन सुटकेसा, एक लोखंडी तवा, जेरेनियमच्या तीन कुंड्या,
आणि गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला,
आयनारचा रेकॉर्ड प्लेअर.

मी म्हटलं होतं, आण की. जागा आहे.
जागा होती. भोक नव्हतं.
त्याच्या वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा गोल प्लग,
आत पाच पिना अर्धवर्तुळात,
चर्चच्या तळघरात कॉफीला बसलेल्या पाच बायका,
सहावीला सरकून जागा न देणाऱ्या.
माझ्या ॲम्प्लिफायरच्या पाठीला दोनच भोकं,
एक लाल, एक पांढरं.

चाळीस वर्षं मी लेमविगच्या तळघरांत टॉर्च घेऊन
मीटरचे आकडे वाचले. वीज मला आकड्यांत कळते.
आवाज होताना ती कुठून कशी जाते,
कधी विचारलं नव्हतं.

होल्स्टेब्रोच्या दुकानातला पोरगा, माल्थे,
भुवईत रिंग, बोटांना कथिलाचा वास.
त्यानं पावतीच्या पाठीवर काढून दिलं:
तिसरी पिन डावा कान, पाचवी उजवा,
मधली दुसरी जमीन.
आणि पहिली? चौथी?
"त्या नुसत्याच असतात."
का कोण जाणे, मला बरं वाटलं.

घरी आलो, जोडणी लावली, रेकॉर्ड फिरली.
आवाज आला तो डबीत कोंडलेल्या डासाचा.
चेलो होता म्हणे.
राग्नहिल काही बोलली नाही,
टेबलावरचे राईच्या पावाचे कण
बोटाने टिपत राहिली.
त्या टिपण्यात मला स्वच्छ ऐकू आलं:
त्याच्याकडे असा वाजत नव्हता.

पुन्हा होल्स्टेब्रो. वाऱ्यात गाडी तिरकी.
माल्थे हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.
म्हणाला, रेकॉर्ड कोरतानाच खर्ज दाबून ठेवतात.
मोकळा सोडला तर खोबण एवढी डुलेल
की शेजारणीच्या अंगावर जाईल.
म्हणून कमी करून लिहायचं,
आणि वाचणाऱ्यानं राहिलेलं भरून घ्यायचं.
जुन्या यंत्रांच्या पोटात ती सोय असायची.
तुमच्यात नाही.
(हे तो ॲम्प्लिफायरबद्दल बोलत होता.)
ही डबी घ्या. दोघांच्या मध्ये लावा.

काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, साडेतीनशे क्रोनरची.

खर्ज आला. फ्योर्डवरून बोट यावी तसा, आधी जमिनीत.
पण त्याच्या पाठोपाठ एक गुणगुणही आली,
आणि ती मात्र मी ओळखली.
सेकंदाला पन्नास. प्रत्येक तळघरात भेटलेली,
माझी जुनी सहकारी.
सुईच्या दांड्याला हात लावला की गप्प,
काढला की सुरू.
म्हणून मी तसाच उभा राहिलो,
तिच्या नवऱ्याच्या यंत्रावर हात ठेवून,
देवळात शपथ घेतल्यासारखा.
"टोर्किल," ती म्हणाली, "रात्रभर असाच उभा राहणार आहेस?"
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा
पोट धरून हसली.

तिनंच मग प्लेअर आडवा करून खाली पाहिलं.
पत्र्याला चिकटपट्टीनं दाबून ठेवलेली
बारीक हिरवी तार,
आणि पट्टीवर पेन्सिलीचं नीटस अक्षर:
हिची गरज नाही. फेकू नये.

तिनं ते दोनदा वाचलं. एकदा मोठ्यानं.
मी स्क्रू सैल केला, तिनं तार धरली,
मी आवळला.
शांतता एवढी झाली की फ्रिज ऐकू आला.

मग पूर्ण बाजू ऐकली.
मध्ये एका जागी ती माझ्याआधी दचकली,
ओरखडा यायच्या आधीच.
त्र्याऐंशीचा, म्हणाली. कुत्र्याची शेपटी.
पुढे काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बाजू संपली. सुई शेवटच्या वर्तुळात
टक, टक, टक.
दांडा आपोआप उठत नाही, त्याचं ते बंद पडलंय.
खुर्च्या दोन, कॉफी निवलेली,
बाहेर अंधार साडेचारचा.
उठायचं कुणी,
हे आमच्यात अजून ठरलेलं नव्हतं.