घेर

पिग्मीचं मशीन घेऊन मी बोरीकाठच्या गल्लीत शिरतो
तेव्हा सुपडाबाईच्या चुलीवर
पालथं खापर तापलेलं असतं.
पऱ्हाट्यांचा धूर, दारात चार सायकली,
आणि तिच्या हातांवर, कोपरापर्यंत,
पुरणाचा एक मांडा
ह्या हातावरून त्या हातावर
रुंदावत जातो.

कितीदा पाहिलंय मी, ती कुठे थांबते.
कणकेतून आतलं पुरण दिसायला लागतं,
तिथे.
आणखी एक झोका दिला तर काय होईल,
मी एकदा विचारलं.
तिने दिला.
अर्धा मांडा राखेत.
म्हणाली, आता खा.

रोज एक परात. चाळीस मांडे,
एखाद्या दिवशी एकोणचाळीस.
मग जाळावर पाण्याचा हबका.
भर आखाजीलाही हेच;
सुरतहून आलेले जावई गाडी चालू ठेवून उभे,
"सरनात भो. सकाय ये."

माझ्याकडे तिचे रोज वीस रुपये.
सहा वर्षं वीसच.
मी म्हटलं, पन्नास करा बाई,
दुसरी चूल मांडा, कर्ज मी काढून देतो.
(मार्च आला होता, माझं टार्गेट अर्ध्यावर,
ते नाही सांगितलं.)

दुसरं खापर होतंच तिच्याकडे.
दारामागे. त्यात आता कोंबडी अंड्यांवर बसते.
दोन वर्षं चालवलं, म्हणाली.
ऐंशी व्हायचे, लग्नसराईत शंभर.
बरं वाटायचं रे,
लोक लांबून नाव घेऊन हाका मारायचे.
पण हातांना कळेना झालं कुठे थांबायचं.
रोज पाच-सहा फाटायचे.

दुपारी तिला काही काम नसतं.
जावेच्या डोक्याला तेल लावते.
स्टँडवर जाऊन
चोपड्याच्या गाडीतून कोण कोण उतरलं ते पाहून येते,
उगीच.
मला तो वेळ वाया गेलेला वाटतो. अजूनही.
खोटं कशाला बोलू?

काल पावती निघेपर्यंत
तिने काठाला फाटलेला शेवटचा मांडा पुढे केला,
वर तुपाची धार.
उभ्याउभ्याच खाल्ला.
पोट गच्च.
"आजून देऊ?"
माझी मान हलली,
हो म्हणून.

तिने रिकामी परात तिरकी करून दाखवली
आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.
मी मशीन खिशात टाकलं.
पुढे अकरा घरं होती.