हाडफोड्या

लेसोथोत, कड्याखाली, बर्फ अजून निबर आहे.
त्सेलिसो ब्लँकेट आवळून मेंढ्या मोजतो.

हाडफोड्या गिधाड येतं ते पंगत उठल्यावर.
मांस कुणी खाल्लं याची चौकशी नाही;
एक नळी उचलतं, वर, आणखी वर नेतं
आणि ह्याच खडकावर सोडतं.
नाही फुटली. पुन्हा.
घाई असलेल्यानं नळी खाऊ नये, मामा मोखेथी म्हणतो.
गेरूच्या झऱ्यात छाती रंगवून घेतं,
कुणाला दाखवायला, कोण जाणे.

कपारीत अंडी दोन, उडतं एकच.
त्सेलिसो म्हणजे सांत्वन:
आधीचा गेल्यावर ठेवलेलं नाव.
तो दुसऱ्या अंड्याचं विचारत नाही.

यंदा कोल्ह्यांसाठी कुणी मेंढीत विष भरलं.
खडकावर नळी तशीच, अख्खी.
तो ती उचलतो, टाचा उंचावून सोडतो.
नाही फुटली.
पुन्हा.