लोड संपलाय

माझं दुकान म्हणजे लोखंडी जाळीला पाडलेलं एक भोक,
हात जाईल एवढं.
आत शाम्पूच्या पुड्या, सुट्या सिगारेटी, सुकी मासळी,
पेल्याच्या मापाने व्हिनेगर,
आणि मोबाईलमध्ये भरायचा लोड, दहा पेसोंपासून पुढे.
सेबूसमोरच्या या बेटावर
मासे आटले, शिंपल्यांचं काम बसलं,
तेव्हापासून सगळी गल्ली माझ्या वहीत राहायला आली.

मारिविकचं पान सगळ्यांत मळकं.
तांदूळ दोन किलो. तांदूळ एक किलो. तांदूळ अर्धा.
नवरा जहाजावर गेला तो गेलाच.
माझ्या धाकट्याला बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनेच धरलं होतं,
तिच्याकडे पैसे मागताना माझी जीभ जड व्हायची.

मग एका जूनमध्ये तिने सगळं फेडलं.
कोऱ्या नोटा. वर पोरांना थंडगार बाटली.
मी पानावर आडवी रेघ मारली,
देवाचे आभार मानले.
खरंच मानले. आता लपवून काय उपयोग.

रेघेच्या खाली नुसता लोड.
रात्री एकला, दोनला.
परदेशात भाऊ आहे, म्हणाली, तिकडे दिवस असतो.
तिला भाऊ नाही हे मला माहीत होतं,
जसं कुठल्या फळीमागे उंदीर आहे हे माहीत असतं
आणि आपण फळी हलवत नाही.

तिच्या खिडकीला जाड पडदा लागला, एवढ्या उकाड्यात.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुमच्या शेजारची जेनालिन
बाकावर डोकं टेकते ते घंटेलाच उठते.
मी म्हटलं, पोरं बसतात फोन खेळत.
बाई आणखी काही बोलणार होत्या.
मी चिल्लर मोजायला घेतली.

मग ती रात्र. जाळीतून इवलासा हात आत आला,
मुठीत ओलसर झालेली शंभराची नोट.
जेनालिन. नऊ वर्षांची. पावणेदोन वाजता केस नीट विंचरलेले.
म्हणाली, "नांग तेन्सिंग,
आज लोड संपलाय असं सांगशील?"

मी हसले.
"दुकान आहे बाई माझं, संपला कसा म्हणू?"
नंबर दाबला. पलीकडे त्यांच्या घरात टुंग वाजलं.
ती जरा वेळ तिथेच उभी.
दोन आंबट गोळ्या मागितल्या, उधार,
आणि घरी गेली.
चालत.
एवढ्या अंधारात एवढं पोर, आणि पळालं नाही.

सकाळी दुकान न उघडता मी बोट धरली.
शहरातल्या कचेरीत एका तरुण बाईने आधी पाणी दिलं.
मला शब्द सापडेनात. मी वही ठेवली टेबलावर.
तारीख, वेळ, रक्कम, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात.
पाच महिने जे मी लिहीत होते
ते तिने बोट ठेवून वाचलं.

नेलं तेव्हा मारिविक ओरडली नाही.
जाळीपाशी थांबली, एवढंच म्हणाली,
"आणि पैसे? पैसे कोणी घेतले, कुमारे?"

गल्ली म्हणते, हात कुठे कोणी लावला होता?
नुसता कॅमेरा तर होता.
म्हणते, आईपासून पोरं तोडलीस.
तेल आता मागच्या दुकानातून आणतात.
आणोत.

तिघं भावंडं डोंगराकडच्या एका आश्रयघरात आहेत म्हणे.
पत्ता मला सांगत नाहीत, आणि तेच बरं.
कचेरीतल्या बाईला एकदाच विचारलं, झोपते का ती?
म्हणाली, दिवा चालू ठेवून.

वही पोलिसांकडून परत आली, शिक्का मारून.
शेवटची ओळ तशीच आहे : गोळ्या २, एक पेसो.
कुणी मध्यरात्री लोड मागितला तर मी आता विचारते,
कोणासाठी?
चिडतात लोक.
मी हात जाळीतून बाहेर काढत नाही
उत्तर येईपर्यंत.