रंगाचं टोक

रबाळ्याला, नाल्याकडेच्या गाळ्यात,
माझ्या नोकरीच्या चौथ्या दिवशी
मी बत्तीस मिलिमीटरची सळई कापली
नेमकी रंगाच्या टोकाकडून.

तुकडा लेथवर गेला.
पहिल्याच पासला पिवळा रंग किसाबरोबर निघाला,
एक पिवळ्या कडेचं वेटोळं ट्रेमध्ये पडलं.
मागे राहिली करडी सळई,
शेजारी तशीच करडी दुसरी, निळं टोक कुणीतरी आधीच खाल्लेली.
एक ईएन आठ. एक ईएन चोवीस.
दोघींना तेलाचा तोच वास.

हसुराम म्हात्रे, स्टोअर सांभाळणारे, ओरडले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवला.
"रंगाचं टोक शेवटाला कापाचं गो.
सळई खायाची दुसऱ्या बाजूनं."

डिप्लोमाच्या तीन वर्षांत
तन्यता, कठिनता, चिवटपणा,
प्रत्येकाची दोन मार्कांची व्याख्या पाठ केलेली मी.
हे वाक्य कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

मग त्यांनी रॅकपासून सुरुवात केली,
जणू घरातली माणसं दाखवताहेत.
बीड: दाबाखाली महिने काढील,
पण वाकवायला गेलीस की ताडकन दोन तुकडे.
थरथर मात्र गिळतं, म्हणून लेथचा बेड त्याचा.
गनमेटलचा बुश मुद्दाम शाफ्टपेक्षा मऊ.
कुणीतरी झिजायचंच, तर तो झिजावा.
"स्वस्त असतो म्हणून?" मी विचारलं.
म्हात्रे हसले. किलोचा भाव सांगितला.
मी गप्प.
"लहान असतो म्हणून. बदलाला सोपा."
मला आमच्या घरातलं कोण आठवलं
ते मी सांगितलं नाही.

पांढरं नायलॉन त्यांना आवडत नव्हतं.
पाणी पितं, म्हणाले.
मेमध्ये वर्नियर लावून पास केलेला गिअर
जुलैत वागळे इस्टेटच्या बिस्किटवाल्याकडे फुगून बसला,
अर्धी पाळी मारी बिस्किटं पट्ट्यावर तशीच.
तेव्हापासून नायलॉनला मोकळी जागा जास्त ठेवतात इथे,
ड्रॉइंगवर पेन्सिलने, म्हात्रेंच्या अक्षरात.

आणि गंज. दर सोमवारी
सगळ्या सळया फडक्याने पुसायच्या, तेल फिरवायचं.
खाडी पलीकडेच, हवेला चव आहे.
"बापानं माज्या मिठागरात मीठ वढला," ते म्हणाले,
"मी तीस वर्सं तेच मीठ लोखंडावरून पुसतंय."
हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही,
फडकं पिळता पिळता सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी ग्राइंडरवरची ट्यूब बंद केली.
पहिली सळई टेकवली:
लांब पिवळट धारा, टोकाशी फुटणाऱ्या,
फाटा, फाट्याला फाटा.
दुसरी: धारा थोड्या लालसर, फुटणं कमी.
"कुठली कुठली?"
मी घाईत चुकीचं बोलले.
त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही नाही,
पुन्हा टेकवली.
तिसऱ्या वेळेला मला दिसलं,
धारेच्या शेवटी, धारेपासून सुटलेलं,
भाल्याच्या अणीएवढं काहीतरी.
मॉलिब्डेनम. पुस्तकात त्याचं फक्त चिन्ह होतं.
"ही चोवीस," मी म्हटलं.
"मंग रंग दे."

मी निळा डबा उघडला, मग पिवळा.
दोन्ही सळयांना दोन्ही टोकांना रंग दिला,
एक टोक कापलं तरी दुसरं राहील,
स्वतःच्या हुशारीवर खूश.
म्हात्रेंनी पाहिलं. थिनरची बाटली पुढे केली.
"दोन्हीकडं रंग, मंग कापाचं कुठनं
ते उद्याच्या पोराला कसं कलणार?"

एकेक टोक पुसलं.
घणसोलीला उतरले तरी
बोटांना थिनरचा वास होता,
आणि एका नखाखाली, निळं.