रंगाचे वजा करून

शिरोळच्या नाक्यामागं, पत्र्याच्या शेडात
रायगोंडा म्हणाला, "वहिनी, एकाच हातातला हाय."
रंग इतका ताजा
की बोटाला लागंल.

मीटरवर अठराशे तास.
क्लचच्या पायडलवरचं रबर मात्र
पार गुळगुळीत,
कुणाच्या तरी डाव्या टाचेनं खाल्लेलं.
दस्तगीर मिस्त्री काही बोलला नाही,
डिपस्टिक पुसून परत घातली.

मी म्हटलं, लोडर उचला.
उचलला. इंजिन बंद करा. केलं.
बकेटच्या दाताखाली चार बोटं सोडून
उसाचं एक कांडं उभं रोवलं
आणि चहा मागवला.

रायगोंडा बोलत राहिला,
शेणखताचा भाव, पोराची सोयरीक.
मी कांड्याकडं बघत होते.
बशी रिकामी होईस्तोवर
दात टेकला.

"सील बदलून देतो की."
तोवर दस्तगीरनं फ्यूजचा डबा उघडला.
आत, वायरींच्या आडोशाला,
वाळल्या गाळाची बारीक रेघ.
पंचगंगेनं इथवर मोजलं होतं.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवरही
हीच उंची आहे,
म्हणून मला ओरडता आलं नाही.
कांडं उपटून हातात घेतलं.
"आता आकडा सांगा," म्हटलं,
"रंगाचे वजा करून."