फोटो क्रमांक सत्तेचाळीस

वाचनालयात दोरी बांधून फोटो टांगले,
प्रत्येकाखाली कोरा कागद, सुतळीला पेन्सिल.
सत्तेचाळीसखाली मी लिहिलं होतं :
वेंगुर्ला बंदर, १९३६. आगबोट. मजूर स्त्री.

सोमवारी कुणीतरी : ह्या वेंगुर्ला न्हय, मालवण.
त्याखाली दुसरं अक्षर : दीपस्तंभ बघ, मगे बोल.
गिरपमास्तरांनी बोटीचं नाव लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.
इनास फर्नांडिस कोपऱ्यातल्या कुत्र्यापाशी अडला,
"ह्येका मी खंय तरी बघलंय."

शुक्रवारी दाराशी टोपली ठेवून
शेवंती कुबल आत आली.
बाईचा चेहरा तर उन्हानं पुसलेला,
नुसता पांढरा डाग.
तिनं बोट ठेवलं पायावर :
उजवी करंगळी शेजारणीवर चढलेली.
मग आपली चप्पल काढली
आणि पाय पुढे केला.

"लिव. गंगू.
माजी आवस.
मजूर न्हय.
डोक्यावरची ती ट्रंक तिचीच.
बोटीत चडाक इल्ली.
चडली नाय."

मी विचारलं, का?

ती टोपलीकडे वळली होती.
"बांगडे थांबाचे नाय," म्हणाली.

'मजूर' खोडायला
रबर शोधतोय अजून.